चार बोटं

एतेरीनं दार डाव्या हातानं उघडलं.
उजवा झटकत होती,
भांडी घासून पाणी निथळावं तसा.
"टेबलाचे पाय काप, बेसो," म्हणाली.
"चार बोटं. जास्त नको."

मी सुतार. कुताइसीत आमच्या गल्लीतल्या
निम्म्या खिडक्या माझ्या हातच्या.
पण जुन्या अक्रोडाला करवत लावायची
तर आधी विचारावं लागतं, टेबल कुणाचं.

टेबल नातेलाचं. एतेरीच्या आईचं.
उभ्यानं कणीक मळायला केलेलं, उंची ब्याऐंशी.
दिवसा त्यावर पीठ, रात्री संगणक.
कानात इस्पितळातले डॉक्टर बोलतात, एतेरी टाइप करते:
उजवा खुबा, बदललेला.
डावी मांडी, दोन जागी मोडलेली.
अडीच वर्षं ती लोकांची हाडं लिहितेय,
आणि अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं
पहाटे तीनला मुंग्यांची वारुळं होतात.

"बस," म्हटलं. "मी नाहीच असं समजून टाइप कर."
बसली.
खांदे कानांना भेटायला गेले.
कोपर खाली, पंजा वर,
मधलं मनगट टेबलाच्या धारेवर दाबलेलं.
मलम होतं, पट्टा होता, गरम पाण्याची पिशवी होती.
दार कुरकुरलं की लोक बिजागरीला तेल घालतात.
मी आजवर पाहिलेल्या कुरकुरत्या दारांत
बहुतेक वेळा चौकट चुकलेली होती.

एवढ्यात नातेला आली, हात पिठात.
"माझ्या टेबलाला करवत?
या टेबलावर तीन लग्नांच्या भाकऱ्या मळल्यात मी."
आणि बोलता बोलता
नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली,
टेबलाखालून पायानं ओढलेल्या
द्राक्षांच्या पालथ्या खोक्यावर.

मी खोक्याकडे पाहिलं. एतेरीनं पाहिलं.
नातेलानं आमच्याकडे पाहिलं.
"हो, मग," म्हणाली, "देव मला खालून कापतोय,
दरवर्षी थोडं थोडं,
आणि विचारायलाही येत नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तिनं हात पुसले.
"चार बोटं. पण माझी, तुझी नव्हेत.
तुझी जाड आहेत."

तिची बोटं पायावर आडवी ठेवून मी खूण केली.
चारही पाय कापले. एक जरा जास्त गेला,
तर उरलेल्या तिघांवर रंधा फिरवला.
भुसा अक्रोडाचाच, पण वास पावाचा आला,
कदाचित मलाच भूक लागली होती.

खुर्ची वर घेतली, कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत.
एतेरीचे पाय लोंबकळले,
मग द्राक्षांचा खोका तिच्या पायांखाली गेला.
कळफलकाचे मागचे बुटके पाय मिटवले.
माऊस फळांच्या थाळीपलीकडे राहत होता,
त्याला हाताशी आणलं.
पडद्याकडे ती विहिरीत वाकल्यासारखी बघायची;
कापलेले चार तुकडे त्याच्याखाली लावले.
नातेला म्हणाली, "बघ, टेबल कुठे गेलं नाही,
नुसतं वर चढलं."

"आता बरं होईल?" एतेरीनं विचारलं.
मी डॉक्टर नाही. म्हटलं,
डॉक्टरीणबाईंकडे जा ते जाच,
आणि एक रुग्ण संपला की
हात मांडीवर ठेव, पुढचा थांबेल.
हाडांना घाई नसते.

मजुरी म्हणून गरम पाव मिळाला.
तो काखेत धरून दुकानात आलो,
दिवा लावला, बाकाजवळ उभा राहिलो.
बाक वडिलांनी बांधलेला. वडील माझ्याहून वीतभर उंच.
तीस वर्षं मी त्यावर खांदे उचलून रंधा मारतोय.
मोजपट्टी शोधायला हात खिशात घातला
तर अंगठा बधिर होता.